‘वय झालं की आता’ असं म्हणण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे गृहस्थ सोलापुरातल्या एका शाळेत शिकवतात, वय ५७, पुढच्या वर्षी निवृत्ती. केस पिकले त्याचं त्यांना काही वाटलं नव्हतं. पण मागे सिटी बसमध्ये कॉलेजच्या एका पोरानं ‘आजोबा, बसा’ म्हणून जागा दिली, आणि त्याच आठवड्यात घरच्या कार्यात मांडी घालून जेवल्यावर हाताचा टेकू घेतल्याशिवाय त्यांना उठता येईना. ते विचारतात, मी म्हातारा झालो का? कितव्या वर्षापासून म्हातारपण धरायचं? आणि यातलं काय वयाचं म्हणून सोडून द्यायचं, काय डॉक्टरांना दाखवायचं?

सर, हे दोन्ही प्रसंग एका पारड्यात टाकू नका. बसमधल्या मुलानं तुमचे केस पाहिले. केस कधी पिकणार हे बरंचसं घराण्यावर असतं. तिशीत पांढरे झालेले लोक मी रोज पाहतो. चेहऱ्यावरच्या सुरकुत्यांत तर सोलापूरच्या उन्हाचाच वाटा मोठा आहे. खात्री करायची असेल तर मनगटाजवळची कातडी आणि दंडाच्या आतल्या बाजूची, सदऱ्याखाली झाकलेली कातडी शेजारी शेजारी ठेवून बघा. दोन्हींचं वय सारखंच आहे, तरी एक पन्नाशीची दिसेल आणि दुसरी पस्तिशीची. तेव्हा बसमधल्या प्रसंगावरून काहीच ठरत नाही. पंगतीतून उठताना मात्र तुमच्या मांड्यांनी जे सांगितलं ते खरं आहे आणि ते ऐकायला हवं.

मी फिजिशियन आहे आणि माझ्याकडे येणाऱ्यांत साठीच्या पुढचे लोक जास्त असतात. माणूस म्हातारा झाला का, हे मी जन्मतारखेवरून ठरवत नाही. मी एकच विचारतो: गेल्या वर्ष-दोन वर्षांत तुम्ही काय काय करायचं सोडलंत? लोक पटकन सांगत नाहीत, कारण त्यांच्या स्वतःच्याही ते लक्षात आलेलं नसतं. मग बोलता बोलता निघतं. माळ्यावरचा डबा आता सून काढते. रात्रीची गाडी चालवणं बंद आहे. मंगळवारच्या बाजाराला जायचे, ते आता जात नाहीत, भाजीवाला दारावर येतोच. देवळात खाली न बसता खांबाला टेकून उभे राहतात. प्रत्येक गोष्टीला कारण तयार असतं आणि प्रत्येक कारण पटण्यासारखं असतं. पण ही यादी वाढत चालली की समजायचं, म्हातारपण दारात आलं आहे. मग वय ५२ असो की ७८.

यात एक फरक मात्र करायला हवा. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजाची उंच, जड काठी पेलणारा माणूस एका वर्षी तो मान मुलाकडे देतो आणि स्वतः बाराबंदीचा पांढरा पोशाख घालून मिरवणुकीत चालतो. हे जाणून-बुजून सोपवणं आहे, त्यात माणूस कमी होत नाही. पण तोच माणूस ‘गर्दीत धक्का लागला तर पडेन’ या भीतीनं अक्षता सोहळ्यालाच जाईनासा झाला आणि घरी मात्र ‘काय दरवर्षी तेच तेच’ असं सांगू लागला, तर ते वेगळं आहे. हे दुसऱ्या जातीचं सोडणं मला काळजीचं वाटतं.

आता वर्षांचं बघू, कारण तुम्ही आकडा विचारलाय. सरकारी हिशेबानं एकाच माणसाला अनेकदा म्हातारं व्हावं लागतं. तुम्ही ५८ला निवृत्त होणार. २००७च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक कायद्यानुसार तुम्ही ६०ला ज्येष्ठ होणार, आयकरही तिथूनच सवलत देतो. एसटीचं अर्धं तिकीट ६५ला, मोफत उपचारांसाठीचं आयुष्मानचं वयावर आधारलेलं कार्ड ७०ला, एसटी पूर्ण मोफत ७५ला, आणि ८०ला आयकर खातं तुम्हाला अतिज्येष्ठ म्हणणार. हे आकडे तिजोरीकडे बघून ठरतात, शरीराकडे बघून ठरत नाहीत. जर्मनीत १८८९ साली कामगारांच्या वृद्धापकाळ पेन्शनचा कायदा झाला तेव्हा वय ७० धरलं होतं. १९१६ साली ते ६५वर आणलं. त्या वर्षांत तिथली माणसं काही पाच वर्षं लवकर म्हातारी व्हायला लागली नव्हती.

आपल्याकडचा दुसरा गैरसमज असा की पूर्वी माणसं चाळिशीतच म्हातारी होऊन मरत. स्वातंत्र्याच्या वेळी भारतात सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होतं हे खरं, पण ती सरासरी खाली ओढली होती ती बाळांच्या आणि लहान मुलांच्या मृत्यूंनी. जो जगला वाचला, तो तेव्हाही साठी-सत्तरी बघत होता. आज साठी गाठलेल्या भारतीय माणसापुढे सरासरी अठरा वर्षं असतात. म्हणजे तुम्ही ज्याला शेवट समजून घाबरलात, त्याच्या पुढे एक पिढी शाळेत घालून कॉलेजपर्यंत पोचवता येईल एवढा काळ शिल्लक आहे. तो कोणत्या पायांवर काढायचा, हा खरा प्रश्न.

नात्यानं येणारं वय तर आणखी फसवं. आपल्या गावात पूर्व भागातल्या तेलुगू घरात पंचेचाळिशीतला माणूस ‘ताता’ झालेला असतो, कानडी घरात ‘अज्जा’. लग्नं लवकर झाली की आजोबापणही लवकर येतं. त्याचा गुडघ्याशी काही संबंध नाही.

सोलापुरात वय धंद्याप्रमाणे अंगात शिरतं, हे इथं काम करताना फार ठळक दिसतं. यंत्रमागावर वीस-पंचवीस वर्षं काढलेल्या माणसाचे कान पन्नाशीतच सत्तरीचे झालेले असतात. आपल्या कारखाना नियमांत आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबलची मर्यादा आहे, आणि चादरी-टॉवेलच्या शेडमध्ये एकावेळी अनेक माग चालू असले की आवाज सहज त्याच्या आसपास किंवा वर जातो. या आवाजानं आधी उंच पट्टीचं ऐकणं जातं, साधारण ४००० हर्ट्‌झच्या भोवतालचं. वयामुळे येणारा बहिरेपणाही उंच पट्टीपासूनच सुरू होतो. मग दोन्ही एकमेकांवर चढतात. अशा माणसाला आवाज ऐकू येतो, शब्द कळत नाहीत. स, श, च, फ ही अक्षरं निसटतात. ‘साठ’ की ‘आठ’ ते उमगत नाही. घरचे म्हणतात, ‘ह्यांना नको ते बरोबर ऐकू येतं.’ तो माणूस बिचारा शेडमध्ये आयुष्यभर ओठ आणि हातवारे वाचूनच बोललेला असतो, म्हणून समोर बसलं की त्याला समजतं आणि पाठमोरं बोललं की समजत नाही. यात नाटक काही नसतं. पण घरात या कारणावरून बोलणं कमी होतं आणि मग तो बोलणंच सोडतो.

विडी वळणाऱ्या बायकांची गोष्ट वेगळी. मांडीवर सूप घेऊन दिवसभर वाकून बसायचं, पान कापायचं, तंबाखू भरायचा, वळायचं, दोरा बांधायचा. चाळिशी ओलांडली की जवळचं दिसणं कमी होतं. डोळ्यातलं भिंग ताठर होत जातं, ते कुणालाच चुकत नाही. कारकुनाला हे पेपर लांब धरताना कळतं, विडीवालीला दोरा बांधताना. तिची दिवसाची विडी कमी भरू लागते, मजुरी कमी होते, आणि ती स्वतःला म्हणते, ‘हात म्हातारे झाले.’ हात ठीक असतात. तिला थोड्या पैशांत मिळणारा जवळचा चष्मा लागलेला असतो. कुंभारीच्या वसाहतीतल्या असोत की शहरातल्या, अशा बायका तपासताना मी आधी विचारतो, चष्मा आहे का. कितीतरी जणींकडे नसतो, आणि असला तर नवऱ्याचा किंवा बहिणीचा असतो.

याच बायकांचं एक बळही आहे. आयुष्यभर जमिनीवर उठल्या-बसल्यामुळे सत्तरीतली विडी कामगार बाई कित्येकदा हात न टेकता उठते. टेबल-खुर्चीवर नोकरी केलेल्या, घरी सोफा, कमोड आणि डायनिंग टेबल आलेल्या माणसाला पंचावन्नाला ते जमत नाही. सर, तुमचं काहीसं असंच झालं असणार. तुम्ही कित्येक वर्षं फळ्यापुढे उभे राहिलात, खुर्चीवर बसलात. मांडी घालून बसण्याची वेळ फक्त सणाला आणि लग्नकार्याला आली. शरीराचा नियम सोपा आहे: जे त्याच्याकडे रोज मागितलं जात नाही, ते शरीर राखून ठेवत नाही.

म्हातारपण म्हणजे नेमकं काय होतं, ते आपल्या गावातल्या नळाच्या पाण्यावरून नीट समजतं. काही दिवसांआड पाणी येतं. रोजच्या वापरात मोठी टाकी असलेलं घर आणि दोन बॅरल असलेलं घर यांत फरक दिसत नाही. दोन्हीकडे स्वयंपाक होतो, अंघोळी होतात. फरक कळतो तो पाईपलाईन फुटून पाणी दोन दिवस लांबलं की. शरीरातल्या प्रत्येक अवयवाकडे असा साठा असतो. तरुणपणी हृदय, मूत्रपिंडं, स्नायू, मेंदू यांची क्षमता रोजच्या गरजेपेक्षा कितीतरी जास्त असते. वयाबरोबर साठा उतरत जातो आणि रोजचं आयुष्य तसंच चालू राहतं, म्हणून कळत नाही. मग एक ताप येतो, एक ऑपरेशन होतं, एप्रिलमधली एक दुपार उन्हात जाते, आणि घरचे म्हणतात, ‘परवापर्यंत चांगले होते, अचानक म्हातारे झाले.’ अचानक काही झालेलं नसतं. टाकीचा तळ त्या दिवशी दिसला.

कोणता साठा किती उतरतो? स्नायू तिशीनंतर दर दहा वर्षांत साधारण ३ ते ८ टक्क्यांनी घटतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. ताकद तर स्नायूंच्या आकारापेक्षाही भरभर कमी होते. चाळिशीनंतर मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता सरासरीनं दर वर्षी मिनिटाला सुमारे १ मिलिलिटरने उतरते. हृदयाचे जास्तीत जास्त ठोके ढोबळमानानं २२० वजा वय एवढेच राहतात. गाढ झोप कमी होते, पहाटे लवकर जाग येते. तहान लागण्याची जाणीवही मंदावते, आणि सोलापूरसारख्या गावात हा बदल मला सगळ्यांत धोक्याचा वाटतो. बायकांच्या बाबतीत पाळी थांबल्यावरची काही वर्षं हाडं झपाट्यानं विरळ होतात. आपल्याकडे पाळी सरासरी ४६-४७ला थांबते, आणि गर्भपिशवीबरोबर अंडाशयही काढलेलं असेल तर झीज त्याहून आधी सुरू होते. तुमच्या घरात असं कुणी असेल तर लक्षात ठेवा.

हे झालं वयाचं. आता जे वयाचं नसतं पण वयाच्या नावावर खपतं, त्याबद्दल मला जास्त बोलायचं आहे. माझ्याकडे माणूस येऊन बसतो, चार तक्रारी सांगतो आणि शेवटी स्वतःच निकाल देतो, ‘वय झालं की आता, डॉक्टर.’ एवढं बोलून तो उठायच्या तयारीत असतो. या एका वाक्यानं जेवढे बरे होणारे आजार झाकले जातात तेवढे दुसऱ्या कशानं झाकले जात नसतील.

जिना चढताना दम लागणं घ्या. वयानं दम थोडा लवकर लागतो हे खरं, पण सहा महिन्यांपूर्वी दुसऱ्या मजल्यावर न थांबता जाणारा माणूस आज पहिल्यावर थांबत असेल, तर ते वय नाही. सहा महिन्यांत वय सहाच महिने वाढतं. तिथे हृदय बघावं, हिमोग्लोबिन बघावं. थकवा, गारठा सहन न होणं, बद्धकोष्ठ, आवाज जड होणं, सगळं मंद होणं यामागे थायरॉईड कमी झालेला असू शकतो आणि रोजच्या एका गोळीनं माणूस पुन्हा पूर्वीसारखा होतो. पायांना मुंग्या, चालताना तोल जाणं, विसरभोळेपणा यामागे बी-१२ या जीवनसत्त्वाची कमतरता असू शकते. शाकाहारी घरांत आणि मधुमेहासाठी अनेक वर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ती बरीच सापडते. चालताना एक हात हलत नाही, अक्षर दिवसेंदिवस बारीक होत चाललंय, बटणं लावायला वेळ लागतो, हे पार्किन्सन्स या मेंदूच्या आजाराचं सुरुवातीचं रूप असू शकतं. तुम्ही शिक्षक आहात, पाच वर्षांपूर्वीच्या तुमच्या एखाद्या वहीतलं अक्षर आजच्या अक्षराशेजारी ठेवून बघा. या तपासणीला पैसे पडत नाहीत. लघवीवरचा ताबा जाणं कोणत्याही वयात नैसर्गिक धरू नये. वारंवार पडणंही नाही. ‘म्हातारं माणूस, पडायचंच’ हे वाक्य ऐकलं की मला राग येतो, कारण त्या पडण्यामागे पुष्कळदा मोतीबिंदू, रक्तदाबाची जास्त झालेली गोळी किंवा झोपेची गोळी असते.

आणि उदासी. निवृत्तीनंतर सहा-आठ महिन्यांत ज्यांची भूक जाते, पहाटे तीनला जाग येऊन छातीत धडधडतं, कशातच मन लागत नाही, त्यांना घरचे ‘आता वय झालं, शांत झालेत’ म्हणतात. शांत माणूस बातम्या वाचतो, नातवाशी खेळतो, शेंगाचटणी कमी तिखट झाली म्हणून तक्रार करतो. ज्याची ती तक्रारही गेली त्याला नैराश्य आहे का, हे विचारायला हवं. औषधानं आणि बोलण्यानं ते या वयातही बरं होतं.

विसरण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असणारच, कारण तुमच्या वयाचा प्रत्येक माणूस जाताना दारात थांबून ते विचारतो. जुन्या विद्यार्थ्याचं नाव ओठावर येऊन अडणं आणि घरी गेल्यावर आठवणं, चष्मा कुठे ठेवला ते विसरणं, खोलीत गेल्यावर कशाला आलो ते न आठवणं, हे सगळं वयानुसार होतं. आठवण शाबूत असते, काढायला वेळ लागतो. नवी पेठेतून घरी येताना नेहमीची गल्ली चुकणं, एकच गोष्ट तासाभरात तीनदा विचारणं, चाळीस वर्षं करत आलेल्या आमटीचा क्रम गोंधळणं, दुकानात सुट्ट्या पैशांचा हिशेब न जमणं, हे दाखवायला हवं. आणखी एक खूण अशी की विसरण्याची काळजी स्वतः माणसाला जास्त असेल तर बहुधा फार बिघडलेलं नसतं. काळजी घरच्यांना असेल आणि माणूस ‘मला काही झालं नाही’ म्हणत असेल, तर लवकर या.

आता तुमच्या पंगतीकडे परत येऊ. घरी काही गोष्टी स्वतः तपासता येतात. जेवणाच्या टेबलाची साधी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, हात छातीवर बांधा आणि पाच वेळा पूर्ण उठा-बसा. आशियातल्या लोकांसाठी २०१९ साली तज्ज्ञांनी जे निकष ठरवले त्यांत १२ सेकंद किंवा जास्त लागले तर स्नायू कमी पडतायत असं धरतात. सहा मीटर नेहमीच्या चालीनं चाला. सहा सेकंदांपेक्षा जास्त लागत असतील तर चाल मंद आहे. हाताच्या पकडीसाठी दवाखान्यात यंत्र असतं, पुरुषांना २८ किलो आणि बायकांना १८ किलोच्या खाली गेलं तर कमी. घरी मात्र ओला सोलापुरी टॉवेल स्वतः पिळता येतो का एवढं बघितलं तरी अंदाज येतो. भिंतीजवळ उभं राहून एका पायावर १० सेकंद थांबा. ब्राझीलमध्ये ५१ ते ७५ वयाच्या लोकांचा अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला, त्यात ज्यांना हे जमलं नाही त्यांच्यात पुढच्या वर्षांत मृत्यूंचं प्रमाण जास्त निघालं. न जमलं म्हणून हातपाय गाळू नका. तोल गेला आहे हे वेळेत कळलं, एवढाच त्याचा अर्थ.

डॉक्टरांच्या भाषेत ज्याला खरं जर्जर म्हातारपण म्हणता येईल, त्याला आम्ही फ्रेल्टी म्हणतो. २००१ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी त्याच्या पाच खुणा मांडल्या आणि त्या अजून वापरात आहेत: न ठरवता वर्षभरात साडेचार किलोंपेक्षा जास्त वजन उतरणं, सतत थकवा, पकड कमी, चाल मंद, हालचाल फार थोडी. पाचपैकी तीन असतील तर तो माणूस फ्रेल. एक-दोन असतील तर त्या वाटेवर, पण तिथून परत फिरता येतं. कितव्या वर्षी म्हातारपण धरायचं, याला माझ्याकडे एवढंच उत्तर आहे, आणि त्यात वर्षाचा आकडा कुठेच नाही.

परत फिरता येतं हे मी धीर द्यायला म्हणत नाही. १९९० साली अमेरिकेत एका वृद्धाश्रमातल्या, सरासरी नव्वदीच्या लोकांकडून आठ आठवडे वजन उचलण्याचा व्यायाम करून घेतला. मांड्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीच्या स्नायूला हे जमत असेल तर सत्तावन्नच्या स्नायूकडे सबब नाही.

फक्त चालून हे होणार नाही, आणि सोलापुरात यावर मला भांडावं लागतं. सिद्धेश्वर तलावाभोवती, पार्कवर, संभाजी तलावाकडे वर्षानुवर्षं नेमानं फिरणारी मंडळी आहेत. त्यांचं हृदय चांगलं, साखर ताब्यात, पण खाली बसवलं की उठता येत नाही, कारण सपाट रस्त्यावर मांडीच्या स्नायूला जोर लावावाच लागत नाही. चालणं चालू ठेवा. त्याच्या जोडीला आठवड्यातून तीन दिवस खुर्चीवरून हात न लावता उठ-बस, दहा-दहाचे दोन-तीन हप्ते. एका पायरीवर चढ-उतर. ओट्याला धरून टाचा उचलणं. भिंतीवर हात टेकून जोर. सोपं वाटू लागलं की पाठीवर दप्तरात पुस्तकं भरा आणि वजन वाढवा. रोज एकदा तरी जमिनीवर बसून चहा घ्या, सुरुवातीला उठताना खुर्चीचा आधार धरा, आणि आधार हळूहळू कमी करा. गुडघा झिजलेला असेल तर मांडी घालायची सक्ती करू नका, पण मांडीच्या पुढच्या स्नायूंचा व्यायाम मात्र नक्की करा, त्यानं गुडघेदुखीही कमी होते. व्यायाम करताना छातीत दाबल्यासारखं झालं तर थांबा आणि आधी हृदय तपासून घ्या.

खाण्यात आपल्याकडे प्रथिनं कमी पडतात. साठीच्या आसपास दर किलो वजनामागे १ ते १.२ ग्रॅम धरावं, म्हणजे साठ किलोच्या माणसाला दिवसाला ६० ते ७० ग्रॅम. शंभर ग्रॅम ज्वारीत १० ग्रॅम, तेवढ्याच डाळीत २२-२४, शेंगदाण्यात २५च्या आसपास, एका अंड्यात ६. कडक भाकरी आणि चिमूटभर शेंगाचटणी एवढ्यावर रात्रीचं जेवण उरकणारे खूप आहेत. त्यात वाटीभर घट्ट डाळ किंवा उसळ आणि दही आलं पाहिजे. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

मार्च ते जूनचं मात्र वेगळं पाळा. पारा चाळिशी ओलांडतो, तहान लागत नाही, रक्तदाबाच्या गोळीत पाणी काढणारं औषध असतं, आणि गुडघा दुखतो म्हणून मेडिकलमधून स्वतःच आणलेली दुखण्याची गोळी पोटात असते. या चार गोष्टी एकत्र आल्या की मूत्रपिंडं दोन-तीन दिवसांत बसू शकतात. दर उन्हाळ्यात असे पेशंट येतात, आणि घरचे सांगतात, ‘काही नाही, नुसते मलूल झालेत, वय आहे.’ तहानेची वाट न बघता घड्याळ लावून पाणी प्या, लघवीचा रंग गडद झाला तर दुर्लक्ष करू नका, दुखण्याची गोळी विचारल्याशिवाय घेऊ नका. जुलाब-उलट्या झाल्या तर रक्तदाबाच्या गोळ्यांचं काय करायचं हे त्याच दिवशी फोन करून विचारा.

मनाचंही सांगतो, कारण बसमधल्या त्या एका हाकेनं तुम्ही खचलात. चाळिशीपुढच्या बहुतेकांना आपण खऱ्या वयापेक्षा सुमारे पाचव्या हिश्शानं तरुण आहोत असं वाटतं. डेन्मार्कमधल्या २००६ सालच्या पाहणीत हे दिसलं. तेव्हा ‘मला आतून पंचेचाळिशीचं वाटतं’ याची लाज नको. अमेरिकेतल्या एका छोट्या गावात पन्नाशीपुढच्या ६६० लोकांना त्यांच्या म्हातारपणाबद्दल काय वाटतं ते विचारून ठेवलं होतं. २००२ साली मांडलेल्या निष्कर्षात, ज्यांना त्याबद्दल चांगलं वाटत होतं ते सरासरी साडेसात वर्षं जास्त जगल्याचं आढळलं. ‘वय झालं’ असं स्वतःला रोज सांगणारा माणूस व्यायाम करत नाही, तपासणी करत नाही, गोळी वेळेवर घेत नाही; मला वाटतं वर्षं कमी होतात ती बरीचशी तिथे. मुलानं जागा दिली तर धन्यवाद म्हणून बसा, किंवा नको म्हणून उभे राहा. चालत्या बसमध्ये उभं राहणं हाही तोलाचा व्यायामच आहे, फक्त दांडी घट्ट धरा.

निवृत्तीआधी एकदा फिजिशियनकडे जाऊन या. जाहिरातीतलं साठ तपासण्यांचं पॅकेज लागत नाही. हिमोग्लोबिन, साखर, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, थायरॉईड, बी-१२, ईसीजी. डोळ्यांच्या डॉक्टरांकडून मोतीबिंदू, काचबिंदू आणि पडदा. आणि शक्य असेल तर कानाची तपासणी, कारण ऐकणं कमी झालेलं स्वतःला सगळ्यांत शेवटी कळतं. रक्तदाब बसून मोजला की उभं राहून तीन मिनिटांत पुन्हा मोजायला सांगा. वरचा आकडा २०ने किंवा जास्त उतरत असेल तर पडण्याचा धोका असतो. घेत असाल त्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या, आयुर्वेदिक आणि मेडिकलमधून आणलेल्याही. एका कागदावर गेल्या दोन वर्षांत करायचं सोडलेलं सगळं लिहून न्या, आणि ती यादी करताना बायकोला शेजारी बसवा, कारण तुम्ही विसरलेल्या चार गोष्टी त्यांना आठवतील.